परीक्षक क्रमांक दोन यांचा मान

कमलाक्षीचा लेख तिसऱ्यांदा परत आला तेव्हा ती लाटंबार्स्याच्या घरी मेजावर उत्तरपत्रिका तपासत बसली होती. पहिल्यांदा तो परत आला होता समासावरून. डावीकडे दीड इंच जागा हवी होती आणि तिने सव्वाच सोडली होती. दुसऱ्यांदा परत आला तो तळटिपा पानाखाली नकोत, लेखाच्या शेवटी हव्यात म्हणून. दोन्ही वेळा तिने मुकाट्याने सांगितलं तसं केलं. बावन्न वर्षांची, कॉलेजात इतिहास शिकवणारी बाई, पण शाळकरी मुलीने गृहपाठ पुन्हा लिहून काढावा तशी बसून समास मोजत होती. बढतीसाठी म्हणाल तर तेही नाही. तिला छापून आणायचा होता तो लेखाचा चौथा भाग, आणि चौथ्या भागात तिची आई होती.

‘शासनवेध’ हे धर्म आणि शासन यांच्या संबंधांना वाहिलेलं त्रैमासिक. तिथला शिरस्ता असा, की प्रत्येक लेख दोन परीक्षकांकडे जायचा. परीक्षकाला लेखक कोण ते कळू द्यायचं नाही, लेखकाला परीक्षक कोण ते कळू द्यायचं नाही. म्हणून कमलाक्षीने स्वतःचं नाव काढलं होतं, गावाचं काढलं होतं, देवळाला नुसतं ‘देवस्थान क’ म्हटलं होतं. तिने जे नाव झाकलं ते आपणही झाकलेलंच ठेवू. पार्स्याच्या पुढचं एक गाव, एवढं पुरे.

परीक्षक क्रमांक एकने दोन ओळी लिहिल्या होत्या: लेख चांगला आहे, छापावा. परीक्षक क्रमांक दोनने अकरा मुद्दे काढले होते.

लेखाचा विषय साधा होता. गोव्यातल्या देवळांचा कारभार आजही पोर्तुगिजांनी तेहतीस साली केलेल्या कायद्याने चालतो. महाजन म्हणजे गोव्याबाहेरच्या लोकांना वाटतो तसा सावकार नव्हे. देवळाच्या यादीत ज्यांच्या घराण्याचं नाव, ते महाजन, देवळाचे मालक म्हणा ना. त्यांच्या समितीच्या निवडणुकीवर सही करायची सरकारच्या मामलेदाराने. पोर्तुगीज गेले, तिरंगा आला, पण देवळाच्या यादीतलं एक अक्षर हललं नाही. सरकार म्हणतं, आम्ही धर्मात पडत नाही, आणि सरकारचा माणूस सही करतो. मग न पडण्याचा फायदा नेमका कोणाला झाला, एवढाच तिचा प्रश्न होता.

आणि या प्रश्नाचं उत्तर चौथ्या भागात होतं. तिची आई शेवंती, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. सासूकडून आलेली देवळाची सेवा तिने चाळीस वर्षं केली. झाडलोट, शेणसडा, समया घासणं, पालखीपुढे दिवटी धरणं. देव उठायच्या आधी उठायचं आणि देव निजल्यावर निजायचं. पण देवळाच्या पुस्तकात तिच्या घराण्याचं नाव नाही, कारण ते सेवेकरी. मुक्तीनंतर दीड वर्षाने, त्रेसष्ट साली, नव्या सरकारचा मामलेदार पहिल्यांदा महाजनांच्या सभेला आला. त्या दिवशी काय झालं ते शेवंतीने सांगितलं आणि कमलाक्षीने जसंच्या तसं उतरवलं होतं:

“तो कदेलार बसललो, मी खांब्याकडे उबी. मी म्हटलंय, सायबा, पाकले गेले, आता तरी आमचां नाव पुस्तकात घालतलास? तो म्हणालो, सरकार देवाच्या कामात हात घालीत नाय. आणि मगे तेच हातान तेनी महाजनांच्या कागदार सही केल्यान.”

खुर्चीला शेवंती कदेल म्हणायची आणि गोऱ्या पोर्तुगिजांना पाकले. त्या वेळी ती पंचविशीची होती. सभेत बाईने तोंड उघडायची रीत नव्हती, सेवेकरी बाईने तर नव्हतीच. पुढे गावात हा विषय निघाला की सगळे हसण्यावारी नेत. “शेवंत्या, तुका सपान पडला असतला.” कोणी म्हणे, असं काही झालंच नाही. ज्यांच्यादेखत झालं तेही तसंच म्हणत.

आणि आता परीक्षक क्रमांक दोनचा सहावा मुद्दा: “चौथा भाग संपूर्णपणे एका निरक्षर वृद्धेच्या तोंडी माहितीवर आधारलेला आहे. असा प्रसंग घडल्याचे ऐकिवात नाही. लेखी आधार नसल्यास हा भाग गाळावा.”

कमलाक्षीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेखी आधार! देवळाचं सभेचं पुस्तक महाजनांच्या कपाटात. ते पाहायला मिळावं म्हणून तिने तीन अर्ज केले होते. एकदा चावी हरवली होती, एकदा कपाटाला वाळवी लागली होती, आणि तिसऱ्या खेपेला उत्तरच आलं नाही. म्हणजे कागद महाजनांच्या कुलपात, आणि तो दाखवायचा मात्र मी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि ‘निरक्षर वृद्धा’! लेखात तिने असं कुठे म्हटलं होतं? आईला सही करता येत होती, देवीच्या आरत्या तोंडपाठ होत्या. ती निरक्षर आहे हे या गृहस्थाला कोणी सांगितलं?

ती पुढचा मुद्दा वाचू लागली आणि थबकली.

“मुद्दा सातवा. पृष्ठ अकरावर लेखिकेने जत्रेच्या वेळी श्रीफळाचा तिसरा मान असलेल्या एका घराण्याचा उल्लेख केला आहे. तो धादांत खोटा आहे. सदर घराण्याचा मान तिसरा नसून दुसरा आहे, व तो पूर्वापार दुसराच आहे.”

तिने तो मुद्दा पुन्हा वाचला. लेखात घराण्याचं नाव नव्हतं. गावाचं नाव नव्हतं. देवळाचंही नव्हतं. ‘देवस्थान क’मधल्या एका निनावी घराण्याला कितवा नारळ मिळतो हे परीक्षक क्रमांक दोनना ठाऊक होतं, आणि नुसतं ठाऊक नव्हतं, तो आकडा त्यांना जिवाला लागला होता. अकरा मुद्द्यांत ‘धादांत’ हा शब्द तेवढा एकदाच आला होता.

अख्ख्या गोव्यात या वाक्याने इतका चिडेल असा माणूस एकच होता. त्याच घराण्यातले गोकुळदास सर. म्हापशाच्या कॉलेजात त्यांनी तिला इतिहास शिकवला होता. “पुराव्यावाचून बोलू नये, मुलींनो,” हे त्यांचं वर्गातलं ठरलेलं वाक्य. निवृत्तीनंतर ते देवळाच्या समितीचे अध्यक्ष झाले होते. चावी हरवली होती ती त्यांच्याकडूनच.

तिला आधी हसू आलं, आणि मग इतका राग आला की हातातलं लाल पेन तिने मेजावर आपटलं. ज्यांच्याकडून पुरावा मागायला शिकली त्यांनीच पुरावा दडवावा! सभ्य, शुभ्र सदऱ्यातले गोकुळदास सर. नाकाने कांदे सोलणारे. आणि कशावरून उघडे पडले? नारळावरून.

रविवारी ती स्कूटर काढून आईकडे गेली. अस्नोड्यावरून, कोलवाळचा पूल ओलांडून, धारगळला वळून. रस्ताभर ती मनात भांडत होती, आणि मनातल्या भांडणात नेहमी होतं तसं प्रत्येक वेळी जिंकत होती. शेवंती पडवीत काजूच्या बिया वेगळ्या करत होती. मान वर न करताच तिने विचारलं, “छापलां?”

“नाही. म्हणतात, तोंडी आहे. लेखी पाहिजे.”

“तोंडान सांगलेलां खोटां, आणि कागदावरचां खरां?”

“तसंच.”

“मगे देवाक गाऱ्हाणां घालतत तां कागदावर लिवन घालतत काय?” शेवंतीने बोंडाचा लगदा बाजूला टाकला. “देव तोंडी ऐकता. ह्येंका मात्र लिवन होयां.”

कमलाक्षीने गोकुळदास सरांच्या घराण्याच्या मानाचं विचारलं. दुसरा की तिसरा? म्हातारीचे डोळे लगेच चमकले.

“तिसरो. चाळीस वर्सां दिवटी घेवन मी बाजूक उबी. पयलो नारळ, दुसरो, आणि मगे तो. तेंचो बापूस दर वर्साक वाद घाली, आमचो दुसरो म्हणान. त्या मामलेदाराच्या सभेतय तेच्यावरूनच आरडाओरड चललली. पुस्तकात कायय लिवान घेतल्यानी असतला, नारळ काय तेंका दुसरो गावाक नाय.”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ जळून दोन पिढ्या झाल्या होत्या. परतताना कमलाक्षी एक अक्षरही मनात भांडली नाही. काय लिहायचं ते तिला सापडलं होतं.

त्याच आठवड्यात तिने संपादकांना उत्तर पाठवलं. उत्तर नम्र होतं, इतकं नम्र की तिला ओळखणाऱ्याने घाबरावं. परीक्षक क्रमांक दोन यांची सूचना शिरसावंद्य. ‘तिसरा मान’ खोडून ‘दुसरा मान’ करण्यास लेखिका तयार आहे. मात्र परीक्षकांनीच घालून दिलेल्या नियमानुसार त्याला लेखी आधार हवा. तो नसल्यास दुरुस्तीखाली पुढील टीप छापावी लागेल: ‘तोंडी माहिती, परीक्षक क्रमांक दोन.’ आणि एकाची तोंडी माहिती चालत असेल तर दुसरीची का चालू नये, याचाही खुलासा संपादकांनी कृपया करावा.

दुसऱ्या दिवशी पणजीहून संपादिका शालिनीताईंचा फोन आला. बाई स्वभावाने भली, पण भांडणाला भिणारी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी नेण्यात तिची सगळी संपादकी गेलेली.

“कमलाक्षी, अगो, ही टीप कशी छापू? परीक्षक गुप्त असतो.”

“मी गुप्तच ठेवलाय. नाव कुठे घातलं? क्रमांक घातला.”

“पण त्यांना वाईट वाटेल.”

“माझ्या आईला वाटलं नसेल?”

शालिनीताई म्हणाल्या, “आई? ती बाई तुझी आई आहे?” आणि मग अगदी वेगळ्या आवाजात, “मी त्यांच्याकडे आधार मागते.”

इथे गोकुळदास सर गप्प बसले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. एक मुद्दा मागे घ्यायचा, बस्स. सहावा मुद्दा तसाच राहिला असता, चौथा भाग गेला असता, आणि शेवंतीला स्वप्नच पडलं होतं असं कायमचं ठरलं असतं. दुसरा कोणी शहाणा माणूस तसंच वागला असता. पण प्रश्न मानाचा होता. ‘तोंडी माहिती’ हे शब्द आपल्या घराण्याच्या नारळाखाली छापले जाणार, ही कल्पनाच त्यांना सोसली नाही. हरवलेली चावी एका दिवसात सापडली. वाळवीने खाल्लेलं पुस्तक धडधाकट निघालं. पाचव्या दिवशी शालिनीताईंनी कमलाक्षीला परीक्षकांचं उत्तर पाठवलं, आणि सोबत सभेच्या पुस्तकाच्या एका पानाचा फोटो.

सन एकोणीसशे त्रेसष्ट. ठसठशीत वळणाचं मराठी अक्षर. ठराव तिसरा: श्रीफळाचा दुसरा मान अमुक घराण्याकडे चालावा, मंजूर. नाव काळी पट्टी ओढून झाकलं होतं आणि ‘दुसरा’ या शब्दाखाली तांबड्या शाईने दोन रेघा मारल्या होत्या. एकीने भागलं नसावं.

कमलाक्षीची नजर त्या रेघांवरून खाली उतरली.

“ठराव चौथा. सभा चालू असता देवळाची झाडलोट करणारी एक बाई परवानगीवाचून बोलली. तिचे बोलणे लिहून घेऊ नये, अशी सूचना मा. मामलेदारसाहेबांनी केली. सर्वानुमते मंजूर.”

खाली मामलेदाराची सही आणि समितीच्या चिटणिसाची, म्हणजे सरांच्या वडिलांची.

तिने ते चार वेळा वाचलं. पाचव्या वेळी अक्षरं दिसेनात, कारण डोळे भरले होते, आणि ते रडू नव्हतं, संताप होता. लिहून घेऊ नये, असं लिहून घेतलं होतं. बाई बोलली ही नोंद होती, काय बोलली ते नव्हतं, कोण बोलली तेही नव्हतं. एका बाईला नाव नसणं सर्वानुमते मंजूर झालं होतं, आणि त्यावर सरकारचा शिक्का होता. त्याच सरकारचा, जे देवाच्या कामात हात घालत नाही. मग तिच्याकडे लेखी आधार मागायचा! कुठून आणणार होती ती? तुम्हीच ठराव करून तो नाहीसा केलात.

आणि सरांनी हे पान स्वतःच्या हाताने पाठवलं होतं. तांबड्या रेघांच्या बरोबर खालची ओळ त्यांना दिसली नव्हती. दडवायची म्हणून दडवली असती तर एकवेळ तिने त्यांना हुशार तरी म्हटलं असतं. त्यांना ती ओळ दिसलीच नाही. ती बाई जन्मभर त्यांच्या समोरच वावरली होती, समया घासत.

कमलाक्षीने लेख दुरुस्त केला. पृष्ठ अकरावर लिहिलं: सभेच्या पुस्तकाप्रमाणे मान दुसरा, प्रत्यक्ष दिवटी धरणाऱ्या साक्षीदाराप्रमाणे तिसरा. चौथ्या भागात ठराव चौथा जसाच्या तसा घातला, खाली टीप: ‘लेखी आधार, परीक्षक क्रमांक दोन यांच्या सौजन्याने.’

चार दिवसांनी फोन वाजला. इतक्या वर्षांत सरांनी तिला कधी फोन केला नव्हता.

“कमलाक्षी,” ते वर्गातल्याच आवाजात म्हणाले, “एक लेख माझ्या पाहण्यात आला आहे. तुझाच आहे हे मी पहिल्या पानावर ओळखलं होतं.”

“मग परीक्षणाला नाही म्हणायला हवं होतं, सर. नियम आहे.”

ते खाकरले. “ते पान जायला नको होतं. देवळाची खाजगी बाब आहे. तू ते वापरू नकोस. तू गावची मुलगी आहेस, तुला मी वेगळं सांगायला नको. माझे वडील आता नाहीत.”

क्षणभर तिला त्यांची कीव आली. त्यांच्या वर्गात ती पहिल्या बाकावर बसत असे. पण मग तिला आठवली ‘निरक्षर वृद्धा’.

“सर,” ती म्हणाली, “हे तुम्ही तोंडी सांगताय. मला लेखी द्या. संपादकांकडे पाठवा. तेही टिपेत घालीन.”

फोन बंद झाला. लेखी काही आलं नाही. आला तो शालिनीताईंचा निरोप, आयुष्यात पहिल्यांदाच एका ओळीचा: चौथ्या भागासकट छापते आहे, काय होईल ते होवो.

त्या रविवारी कमलाक्षी पुन्हा आईकडे गेली. कोलवाळचा पूल कधी मागे पडला ते तिला कळलं नाही. सभेच्या पुस्तकातल्या त्या पानाची छापील प्रत तिने पर्समध्ये घडी घालून ठेवली होती. शेवंती उंडा पाव चहात बुडवून खात होती. कमलाक्षीने तिच्याजवळ बसून ठराव चौथा मोठ्याने वाचला.

“परत वाच,” शेवंती म्हणाली.

कमलाक्षीने परत वाचला. “बघ कसे आहेत! नाव नाही, बोलणं नाही. ‘एक बाई’ म्हणे. मला इतका राग आलाय आई, त्या पुस्तकाचं मी काय करीन...”

“थांब गो.” शेवंतीने हातातला उंडा बशीत ठेवला. पदराला बोटं पुसली आणि तो कागद मागितला. चाळशी न लावता तिने तो डोळ्यांसमोर धरला. कितपत दिसत होतं कोण जाणे. “खंय आसा ती ओळ?”

कमलाक्षीने बोट ठेवलं.

“म्हणजे बाई बोलली, असां लिवलेलां आसा.”

“हो. पण काय बोलली ते...”

“तां ऱ्हांव दे.” म्हातारीने कागद आणखी जवळ धरला. “त्रेपन वर्सां सगळे म्हणत, शेवंत्या, तू काय बोलूकच नाय. बापूस म्हणालो, घोव म्हणालो. इतक्या जणांनी सांगल्यानी, की मागीर मागीर माकाच वाटाक लागलां. म्हटलां, खरांच असतला. मी मनातच म्हटलेलां असतला.”

ती त्या ओळीवरून अंगठा फिरवत राहिली.

“मी बोललंय गो,” ती म्हणाली. “मी मोठ्यान बोललंय.”